सबपीना : भरायला सोपा, बजावायला अवघड

प्रश्न : माझी लेक आणि जावई कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतात. त्यांनी भाड्याचं घर सोडलं तेव्हा घरमालकाने गालिचा खराब केल्याचं कारण काढून डिपॉझिटमधून मोठी रक्कम कापली. घर रिकामं झाल्यावर ज्या कारागिराने तिथे काम केलं, तो लेकीला तोंडी म्हणाला होता की गालिचा ठीक होता, मालकाला तो तसाही बदलायचाच होता. आता मात्र तो साक्षीला यायला तयार नाही. लेकीने एका वेबसाइटवर ‘सबपीना’ नावाचा फॉर्म भरला, मोबाइलवर बोटाने सही केली आणि आता तो त्याला ईमेलने पाठवणार आहे. मी बँकेत होतो तेव्हा मला साक्षीचं समन्स आलं होतं, पण ते घेऊन बेलीफ आला होता आणि कागदावर कोर्टाचा गोल शिक्का होता. कोर्टाचा हुकूम घरबसल्या असा तयार करता येतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ईमेल जायच्या आत लेकीला फोन करा. तिच्याकडे आहे तो सबपीना नाही, सबपीनाचा भरलेला फॉर्म आहे. त्यावर कोर्टाच्या क्लार्कचा शिक्का बसत नाही तोवर त्या कारागिराने तो कचऱ्यात टाकला तरी त्याला कुणी जाब विचारणार नाही. आणि शिक्का असता तरी नुसत्या ईमेलने तो बजावला गेला, असं झालं नसतं.

तुमची शंका मात्र रास्त आहे, आणि तिचं उत्तर ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. अमेरिकेत कोर्टाच्या हुकुमाचा मजकूर पक्षकारच लिहितो. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सोळाव्या आदेशाप्रमाणे साक्षीदारांची यादी द्यायची, अर्ज करायचा, साक्षीदाराचा भत्ता कोर्टात भरायचा, मग कोर्ट समन्स काढतं आणि बेलीफ ते घेऊन निघतो. पक्षकाराने स्वतः नेऊन द्यायची ‘दस्ती’ची सोय आहे, पण तीही कोर्टाने मंजूर केली तरच. तिकडे संघराज्याच्या कोर्टांना लागू असलेला दिवाणी नियम ४५ सांगतो की मागेल त्या पक्षकाराला क्लार्कने सही केलेला, पण बाकी कोरा सबपीना द्यावा, आणि पक्षकाराने तो बजावण्याआधी भरावा. सही आधी, मजकूर नंतर! तुम्ही बँकेतले, सही केलेला कोरा चेक म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. वकील असला तर गोष्ट याच्याही पुढे जाते. त्या कोर्टात काम करायची परवानगी असलेला वकील क्लार्ककडे न जाता आपल्याच सहीने सबपीना काढू शकतो. कॅलिफोर्नियाच्या राज्य कोर्टांतही दाव्यातल्या वकिलाला ही मुभा आहे. त्याच्या सहीमागे कोर्टाची पूर्ण ताकद उभी राहते.

तुमच्या लेकीला ही मुभा नाही, कारण ती वकील नाही. आणि तिचा दावा जिथे चालेल त्या स्मॉल क्लेम्स कोर्टात सुनावणीला वकील उभाच राहू शकत नाही. कॅलिफोर्नियात व्यक्तीला तिथे १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा करता येतो. २०२४ च्या सुरुवातीपासून ही मर्यादा आहे. या कोर्टासाठी सबपीनाचा वेगळा फॉर्म आहे, त्याचा क्रमांक एससी-१०७. साक्षीदाराला हजर राहायला सांगणं आणि कागदपत्रं मागणं या दोन्ही गोष्टी त्यातच होतात. तिने वेबसाइटवर भरलेला फॉर्म हाच आहे का, हे आधी बघायला सांगा. साध्या दिवाणी दाव्यात सुनावणीला बोलावण्यासाठी एसयूबीपी-००१, कागदांसह बोलावण्यासाठी एसयूबीपी-००२, सुनावणीआधी एखाद्या संस्थेकडून व्यवसायाच्या नोंदी मागवण्यासाठी एसयूबीपी-०१०, आणि दावा संघराज्याच्या कोर्टात असेल तर एओ ८८ आणि त्याची भावंडं ८८ए, ८८बी. नावं सगळ्यांची सारखीच, म्हणून चुकीचा फॉर्म उचलणं अगदी सोपं. वेबसाइटला तुम्ही ‘सबपीना’ एवढंच सांगितलंत तर ती तुम्हाला यातला कुठलाही देईल, आणि तो दुसऱ्याच एखाद्या राज्याचा असला तरी तिला त्याची फिकीर नसते.

आता त्या ऑनलाइन साधनांविषयी. मला त्यांचा राग नाही. टाइपरायटरवर कार्बन घालून फॉर्म भरणाऱ्या पिढीने तर त्यांचे आभारच मानावेत. पण ती जे विकतात ते या सगळ्या कामातलं सर्वांत सोपं काम आहे. कॅलिफोर्नियाच्या न्यायमंडळाचे सगळे फॉर्म राज्याच्या कोर्टांच्या संकेतस्थळावर भरता येतील अशा पीडीएफमध्ये फुकट आहेत. संघराज्याच्या कोर्टांचेही तसेच आहेत. तरी लोक खासगी साइटवर जातात, ‘मोफत चाचणी’साठी कार्डाचा नंबर देतात आणि पुढे महिन्याचे पैसे कापले जात राहतात. त्यातून तिथला फॉर्म जुना असायची शक्यता वेगळीच. न्यायमंडळाच्या प्रत्येक फॉर्मच्या पहिल्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात तो कधी सुधारला त्याची तारीख बारीक अक्षरात छापलेली असते. ती कोर्टाच्या साइटवरच्या तारखेशी जुळते का, एवढं बघितलं तरी अर्धी डोकेदुखी टळते. फॉर्म आधी उतरवून घ्यावा आणि पीडीएफ वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून भरावा. थेट ब्राउझरमध्ये भरलेला मजकूर जतन करताना कधी कधी नाहीसा होतो.

पानं कमी करायच्या मोहातही पडू नये. संघराज्याच्या सबपीनाच्या शेवटच्या पानावर नियम ४५ मधली कलमं छापलेली असतात. तो कायद्याचा कंटाळवाणा मजकूर वाटतो, म्हणून लोक ‘नको ते पान’ म्हणून काढून टाकतात. पण साक्षीदाराचे हक्क त्याला कळावेत म्हणून त्यातला काही मजकूर सबपीनात असलाच पाहिजे, असं नियमच सांगतो. ते पान गळलं की विरुद्ध बाजूला आक्षेपाला आयतं कारण मिळतं.

आणखी एक धोका काळ्या पट्टीचा. खात्याचा नंबर किंवा जन्मतारीख झाकायला लोक पीडीएफवर काळा चौकोन काढतात. चौकोनाखालची अक्षरं मात्र फाइलमध्ये तशीच राहतात. ती निवडून दुसरीकडे चिकटवली की वाचता येतात. जानेवारी २०१९ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेचे माजी प्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दाखल केलेल्या कागदात नेमकं हेच झालं. जे लपवायचं होतं ते पत्रकारांनी काही वेळातच वाचून काढलं. भल्याभल्या वकिलांचं हे होतं, तर मोबाइलवर फॉर्म भरणाऱ्याने काळजी घ्यायला हवीच. खात्याचा पूर्ण नंबर कागदात लिहूच नये, शेवटचे चार आकडे पुरतात.

फॉर्ममधली खरी परीक्षा नाव-पत्त्याच्या रकान्यात नसते. ती असते ‘कोणती कागदपत्रं हवीत आणि का’ या चौकटीत. तिथे बहुतेक माणसं लिहितात, ‘या प्रकरणाशी संबंधित सर्व कागदपत्रे’. वकिलांनाही ही सवय असते. याचं एक गाजलेलं उदाहरण नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने २००३ साली निकाली काढलेल्या एका खटल्यात आहे. एका व्यापारी दाव्यात वकिलाने विरुद्ध कंपनीच्या इंटरनेट सेवादात्याला सबपीना धाडला आणि तिथल्या कुणीही पाठवलेले वा कुणालाही आलेले सगळेच्या सगळे ईमेल मागितले. काळाची मर्यादा नाही, विषयाची नाही. सेवादात्याकडे वकील नव्हता. त्याने बिचाऱ्याने घाबरून तीनशेहून अधिक ईमेल काढून दिले, त्यात लोकांची खासगी पत्रंही होती. कोर्टाने तो सबपीना रद्द केलाच, शिवाय तो काढणाऱ्या बाजूला ९,००० डॉलरहून अधिक भुर्दंड बसवला. अपील कोर्टाने तर असं ठरवलं की इतक्या उघड बेकायदा सबपीनाच्या जोरावर मिळालेली संमती ही संमतीच नव्हे, आणि ज्यांचे ईमेल वाचले गेले त्यांच्या दाव्याला वाट मोकळी करून दिली.

याच्या अगदी उलटं उदाहरण तुम्हाला ठाऊक असलेलं आहे, फक्त तुम्ही ते या बाजूने पाहिलं नसेल. वॉटरगेट प्रकरणात विशेष सरकारी वकील लिओन जॅवोर्स्की यांनी एप्रिल १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याकडून ध्वनिफिती मागवणारा सबपीना काढवला. फौजदारी सबपीना होता, नियम वेगळा. पण गंमत मागणीच्या शब्दांत आहे. ‘व्हाइट हाउसमधलं सगळं रेकॉर्डिंग द्या’ असं त्यांनी म्हटलं नाही. व्हाइट हाउसच्या रोजच्या नोंदी आणि भेटीगाठींची टिपणं त्यांच्या हाती आधीच आली होती. त्यांवरून कोणत्या दिवशी, कुठे, कोणाकोणात बोलणं झालं ते त्यांनी एकेक करून लिहिलं. निक्सन यांनी सबपीना रद्द करायचा अर्ज केला, न्यायाधीश सिरिका यांनी तो फेटाळला, आणि २४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने ८-० असा निकाल दिला. मागणी संबद्ध आहे का, पुरावा म्हणून चालेल का आणि नेमकी आहे का, या तिन्ही कसोट्यांना ती उतरली. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. देशाचा राष्ट्राध्यक्ष ज्यापुढे नमला, त्या कागदाची ताकद तारीखवार यादीत होती.

तेव्हा लेकीला सांगा, ‘सर्व कागदपत्रे’ हे शब्द खोडून टाक. अमुक पत्त्यावरच्या अमुक क्रमांकाच्या घरात या तारखेपासून त्या तारखेपर्यंत केलेल्या कामाचं बिल. काम सुरू करण्याआधी गालिच्याचे काढलेले फोटो. गालिचा बदलण्याविषयी घरमालकाशी झालेले संदेश. बस्स. आणि ‘का हवं’ या रकान्यात एक सरळ वाक्य: घरमालकाने जी रक्कम कापली ती गालिचा खराब झाल्याच्या कारणावरून कापली, आणि गालिच्याची स्थिती या नोंदींतून दिसेल. या भागाखालची सही खोटं बोलल्यास शिक्षेला पात्र असल्याच्या जाणिवेने करायची असते, म्हणून ऐकीव गोष्ट तिथे खात्रीची म्हणून लिहू नये.

फॉर्म भरून झाला की तो स्मॉल क्लेम्सच्या क्लार्ककडे न्यायचा. फ्रीमाँट अलामेडा काउंटीत येतं, म्हणजे त्या काउंटीच्या कोर्टाकडे. क्लार्कने शिक्का मारला की त्या क्षणी कागदाचा हुकूम होतो. बोटाने केलेली सही ही अर्जदाराची सही झाली. क्लार्कची जागा ती घेऊ शकत नाही.

मग बजावणी. इथे ऑनलाइन साधन हात टेकतं. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे सबपीनाची प्रत साक्षीदाराच्या हाती प्रत्यक्ष द्यावी लागते. दाराखालून सरकवणं, शेजाऱ्याकडे ठेवणं, व्हॉट्सॲपवर टाकणं, यातलं काही चालत नाही. संघराज्याच्या नियमात बजावणारा किमान १८ वर्षांचा आणि दाव्यात पक्षकार नसलेला असावा लागतो. राज्याचा कायदा ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतो, तरी लेकीने स्वतः जाऊ नये असं माझं मत. उद्या तो कारागीर ‘मला काही मिळालंच नाही’ म्हणाला, तर तिचा शब्द विरुद्ध त्याचा शब्द, एवढंच उरेल. एखादी मैत्रीण जाऊ शकते. पैसे देऊन हे काम करणारे व्यावसायिकही असतात. कॅलिफोर्नियात वर्षाला दहापेक्षा जास्त बजावण्या मोबदला घेऊन करणाऱ्याला काउंटीत नोंदणी करावी लागते. शेरीफच्या कार्यालयाकडूनही अनेक ठिकाणी ही सोय होते. ज्याने कागद दिला त्याने कधी, किती वाजता, कुठे दिला ते बजावणीच्या दाखल्यात भरून सही करायची. हा दाखला फॉर्मबरोबरच असतो आणि नेमका तोच भरायचा राहतो.

पैशाचंही बघून ठेवा. कॅलिफोर्नियात दिवाणी साक्षीदाराला दिवसाला ३५ डॉलर आणि जाण्यायेण्याच्या प्रत्येक मैलाला २० सेंट मिळतात, तेही त्याने मागितले तर. संघराज्याच्या कोर्टात दिवसाचे ४० डॉलर आणि प्रवासखर्च कागदासोबतच पुढे करावा लागतो, न मागता. दिवस बुडवून कोर्टात येणाऱ्या कारागिराला ३५ डॉलर ही चेष्टा वाटेल, आणि तिकडचे मजुरीचे दर बघता त्याचं चुकतं असंही नाही. पोलिसाला साक्षीला बोलवायचं असेल तर प्रकरण आणखी महाग होतं. दिवसाला २७५ डॉलर अनामत भरावी लागते.

साक्षीदार आलाच नाही तर? कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अशा साक्षीदाराकडून ५०० डॉलर आणि झालेलं नुकसान वसूल करायची तरतूद आहे, शिवाय कोर्टाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. पण त्यालाही हक्क आहेत. वेळ पुरेसा दिला नाही, मागणी अवास्तव आहे, मागितलेली माहिती गोपनीय आहे, अशा कारणांवर तो कोर्टाकडे दाद मागू शकतो. म्हणून उद्याच्या सुनावणीचा कागद आज संध्याकाळी नेऊन देण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट लेक ऑनलाइन शोधताना नक्की वाचेल, म्हणून आधीच सांगतो. घरमालक आणि कारागीर यांच्यातले ईमेल थेट ईमेल कंपनीकडून मागवायचा विचार तिने करू नये. १९८६ च्या संघराज्याच्या कायद्याने अशा कंपन्यांना दिवाणी सबपीनावर पत्रव्यवहाराचा मजकूर द्यायला मनाई आहे. ॲपल कंपनीलाही हे जमलं नाही. तिच्या यायच्या असलेल्या एका उपकरणाची बातमी फोडणाऱ्यांचे ईमेल मिळवायला तिने सबपीना काढला होता. २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने तो अडवला. ज्याचा पत्रव्यवहार आहे त्याच्याकडेच तो मागावा. बँक, दवाखाना, फोन कंपनी यांच्याकडून तिसऱ्याच माणसाच्या खासगी नोंदी मागवायच्या असतील तर त्या माणसाला आधी नोटीस द्यावी लागते: नोंदी द्यायच्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी, आणि बँकेला कागद बजावण्याच्या किमान पाच दिवस आधी. लेकीच्या प्रकरणात याची गरज पडू नये.

आता जरा वेगळं बोलतो. हा सबपीना तिला खरंच हवा आहे का? कॅलिफोर्नियात घरमालकाने घर सोडल्यापासून २१ दिवसांत डिपॉझिट किंवा कापलेल्या रकमेचा तपशीलवार हिशेब द्यायचा असतो, आणि कापलेली रक्कम १२५ डॉलरच्या वर असली तर बिलं जोडायची असतात. ती दिली नसतील तर तिची बाजू आधीच भक्कम आहे. डिपॉझिट बदनियतीने अडवल्याचं सिद्ध झालं तर कोर्ट डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत दंड लावू शकतं. स्मॉल क्लेम्समध्ये पुराव्याचे काटेकोर नियम लागत नाहीत. घर सोडतानाचे फोटो, घरमालकाचे संदेश, एवढंही कामाला येतं. आणि कारागीर यायला तयार नसला तरी दोन ओळी लिहून द्यायला तयार असेल, तर त्यासाठी एमसी-०३० हा साधा निवेदनाचा फॉर्म आहे. ओढून आणलेला साक्षीदार आयत्या वेळी ‘मला आठवत नाही’ म्हणू शकतो. उद्याचं काम त्याला त्याच घरमालकाकडून मिळायचं असतं, हेही लेकीने लक्षात घ्यावं. मी तिच्या जागी असतो तर आधी त्याला फोन करून निवेदन मागितलं असतं. नाही म्हणाला तर त्याला यायला न लावता बिल आणि फोटो एवढेच कागद मागणारा सबपीना काढला असता.

प्रश्न : आमच्या नात्यातल्या एका जोडप्याचा घटस्फोटाचा खटला न्यू जर्सीत चालू आहे. त्यांचं पुण्यातलं लग्न आणि दागिन्यांची देवाणघेवाण मी पाहिली, म्हणून तिकडच्या वकिलाने मला पुण्याला ईमेलने सबपीना पाठवला आहे. न गेल्यास कारवाई होईल असं त्यात आहे. मी भारतीय नागरिक, अमेरिकेत पाऊलही ठेवलेलं नाही. जावं लागेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. तिकडच्या राज्य कोर्टाचा सबपीना त्या राज्याच्या हद्दीबाहेर चालत नाही. न्यू जर्सीचा कागद घेऊन शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात राहणाऱ्याची जबानी घ्यायची झाली, तरी तिथल्या कोर्टाकडून नवा सबपीना घ्यावा लागतो. तो पुण्यात कसा चालेल? संघराज्याच्या कोर्टात सुद्धा साक्षीदाराला साधारणपणे त्याच्या राहत्या किंवा कामाच्या जागेपासून १०० मैलांच्या आतच बोलावता येतं.

एक अपवाद मात्र माहीत असावा. १९२६ च्या वॉल्श कायद्याने अमेरिकेच्या संघराज्याच्या कोर्टांना परदेशात असलेल्या स्वतःच्या नागरिकांना परत बोलावण्याचा अधिकार दिला. टीपॉट डोम या तेलघोटाळ्यात हॅरी ब्लॅकमर नावाचा तेलव्यापारी फ्रान्सला जाऊन राहिला आणि साक्षीला आला नाही. कोर्टाने दोन प्रकरणांत प्रत्येकी ३०,००० डॉलर दंड केला आणि तो त्याच्या अमेरिकेतल्या मालमत्तेतून वसूल करायचं ठरलं. १९३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. आज हा अधिकार नागरिकांबरोबर अमेरिकेच्या रहिवाशांनाही लागू आहे. म्हणजे ग्रीनकार्ड असलेला तुमचा भाऊ दिवाळीला पुण्यात आला असेल आणि प्रकरण संघराज्याच्या कोर्टात असेल, तर त्याचं उत्तर वेगळं. तुमचं ‘नाही’च.

तुमची साक्ष त्यांना खरंच हवी असेल तर रीतसर वाट आहे. परदेशात पुरावा घेण्याविषयीच्या हेग कराराचा भारत २००७ पासून सदस्य आहे. तिकडच्या कोर्टाने विनंतीपत्र पाठवायचं आणि आपल्या दिवाणी संहितेच्या सव्विसाव्या आदेशाप्रमाणे उच्च न्यायालय, म्हणजे तुमच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालय, जबानी घ्यायला कमिशन नेमू शकतं. यात वेळ जातो. म्हणूनच वकील आधी ईमेल टाकून बघतात. घाबरून कुणी तयार झालाच तर तेवढंच त्यांचं काम वाचतं. उत्तर द्यायचं असेल तर इथल्या वकिलाचा सल्ला घेऊन द्या. रागाच्या भरात खटल्याविषयी एक ओळही लिहू नका, ती तिकडे पुरावा म्हणून पुढे येऊ शकते.

प्रश्न : आपल्याकडे तर समन्स व्हॉट्सॲपवर येतात म्हणे. मग खरं समन्स आणि फसवणूक यातला फरक सामान्य माणसाने ओळखायचा कसा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येतात, हे खरं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत समन्स इलेक्ट्रॉनिक स्वरूपात काढता येतं. त्यावर कोर्टाच्या शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल सही असावी लागते. दिवाणी बाजूला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१८ मध्ये एसबीआय कार्ड्सच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ उघडून वाचल्याचं निळ्या खुणांवरून दिसतं, म्हणून ती नोटीस बजावली गेली असं मानलं. तो माणूस नोटीस चुकवत होता, हे ध्यानात ठेवा. याउलट पोलिसांची चौकशीला बोलावणारी नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणं चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं. म्हणजे काय आलंय आणि कुणाकडून, यावर सगळं अवलंबून आहे.

भामट्यांनाही हीच पीडीएफ साधनं फुकट मिळतात, आणि अशोकस्तंभ व गोल शिक्का चिकटवायला त्यांना पाच मिनिटं लागतात. त्यामुळे कागद दिसतो कसा, यावर भरवसा ठेवू नका. खटल्याचा क्रमांक आणि कोर्टाचं नाव बघा आणि ई-कोर्ट्सच्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून असा खटला आहे का ते तपासा. कोर्टात फोन करायचा तर नंबर त्या संकेतस्थळावरून घ्या, आलेल्या कागदावरचा लावू नका. खरं समन्स तारखेला हजर राहायला सांगतं. ते पैसे मागत नाही, व्हिडिओ कॉल सुरू ठेवायला सांगत नाही आणि ‘घरात कुणाला सांगू नका’ असं तर कधीच म्हणत नाही. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. तसा फोन आला तर ठेवून द्या आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करा.